व्हीपीची खुर्ची स्वीकारण्याआधी

पत्र

सप्रेम नमस्कार. मी ४३ वर्षांची आहे. प्रोग्रामर म्हणून सुरुवात केली, मग टेक लीड, मग मॅनेजर, आणि गेली चार वर्षं इंजिनिअरिंग डिरेक्टर. हाताखाली साठेक माणसं आहेत. आता आमच्या कंपनीचे संस्थापक-सीईओ मला व्हीपी (व्हाइस प्रेसिडेंट) इंजिनिअरिंग करू म्हणतायत. म्हणजे अडीचशे माणसं, बोर्डासमोर उभं राहणं, सगळंच. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. आनंद व्हायला हवा, पण पोटात गोळा आलाय. कोड लिहिणं कधीच सुटलं. डिझाइनची जी थोडीफार चर्चा वाट्याला येते तीही आता जाईल. याआधीचे व्हीपी दीड वर्षात सोडून गेले, का ते कुणी नीट सांगत नाही. सीईओ बोलता बोलता म्हणाले की पुढच्या दोन तिमाहींत टीम जरा आटोपशीर करावी लागेल. त्याचा अर्थ मला कळतो. पैशांचं काही ठरलेलं नाही आणि तो विषय काढायला संकोच वाटतो. इतका विश्वास दाखवतायत, त्यांना आकडे काय विचारायचे? नवरा म्हणतो, घेऊन टाक, अशी संधी पुन्हा येत नाही. मुलगी सतरा वर्षांची आहे. ती परवा म्हणाली, ‘आई, तू जेवतानापण मीटिंगमध्येच असतेस.’ काय करू?

– संभ्रमात

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहून पुढे गेलात: याआधीचे व्हीपी दीड वर्षात सोडून गेले, का ते कुणी नीट सांगत नाही. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे आणि ते त्या गृहस्थांकडे आहे. त्यांना गाठा. फोन करा, भेटा, पण महिनाअखेरच्या आत बोला. कंपनीबद्दल बरंवाईट खोदून काढायला जाऊ नका. अशा वेळी माणसं सावधपणे, गुळमुळीत बोलतात. एवढंच विचारा: तुम्ही कशाला ‘नाही’ म्हणालात, आणि त्यानंतर काय झालं?

माझं सगळं म्हणणं या प्रश्नाभोवती आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डिरेक्टरकडे काम येतं ते बरंचसं ठरून येतं. काय बांधायचं, कधीपर्यंत, किती माणसांत, हे वर ठरतं आणि तुम्ही ते नीट पार पाडता. तुम्ही ते उत्तम करत असणार, नाहीतर हे बोलावणं आलं नसतं. व्हीपीच्या पुढ्यात मात्र न ठरलेल्या गोष्टी येऊन पडतात. सेल्सला एका मोठ्या ग्राहकासाठी वेगळं फीचर हवं असतं. प्रॉडक्टवाल्यांचा रोडमॅप आधीच ओसंडून वाहत असतो. सिक्युरिटीची मंडळी जुन्या लायब्ररी (उसन्या घेतलेल्या तयार कोडचे संच) बदला म्हणून मागे लागलेली असतात, फायनान्सला क्लाउडचं बिल खाली आणायचं असतं, आणि माणसं तेवढीच. यातली एकही मागणी चुकीची नसते, हीच खरी अडचण. सगळ्यांना हो म्हणणारा व्हीपी पहिले सहा महिने फार लोकप्रिय असतो. मग तारखा घसरतात, चांगले इंजिनिअर ऑन-कॉलच्या, म्हणजे बिघाड झाला की उठून धावायच्या, रात्रींनी पिचून जातात आणि एकेकाचा राजीनामा यायला लागतो. तेव्हा त्या खुर्चीवर बसून मुख्यतः काय करायचं असतं, तर कशाला नाही म्हणायचं ते ठरवायचं, कारणासकट सांगायचं आणि त्याचे परिणाम अंगावर घ्यायचे. हा अधिकार मिळणार नसेल तर दारावरच्या पाटीवर काहीही लिहा, तुम्ही डिरेक्टरच राहाल. दोष मात्र अडीचशे माणसांच्या कामाचा लागेल.

या धंद्यातल्या ज्या कारकिर्दींचं आपण कौतुक करतो त्यांच्याकडे या नजरेने बघा. शंतनू नारायण १९९८ साली फोटोशॉप बनवणाऱ्या अ‍ॅडोबीत आले आणि डिसेंबर २००७ मध्ये सीईओ झाले. मे २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं क्रिएटिव्ह सूट (डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा संच) यापुढे नव्या आवृत्तीत येणार नाही, नवं जे काही असेल ते वर्गणी भरून. हजारो ग्राहकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. आकडेही खरोखर पडले: २०१२ चा ४.४ अब्ज डॉलरचा महसूल २०१३ मध्ये ४.०६ अब्जांच्या आसपास आला आणि निव्वळ नफा ८३ कोटी डॉलरवरून २९ कोटींवर. चालू, नफ्यातल्या धंद्याला नाही म्हणणं म्हणजे काय ते या दोन ओळींत दिसतं. ते निभावलं, कारण अशी घसरण होणार हे गुंतवणूकदारांना आधीच सांगून ठेवलं होतं आणि त्या काळात महसुलाऐवजी वर्गणीदारांची संख्या बघा, हेही पटवलं होतं. २०२४ मध्ये अ‍ॅडोबीचा महसूल २१ अब्ज डॉलरच्या वर गेला. ही गोष्ट मी निखळ गौरवाची म्हणून सांगत नाही. वर्गणीतून मध्येच बाहेर पडणाऱ्यांना लागणाऱ्या शुल्कावरून त्याच वर्षी अमेरिकी सरकारने कंपनीवर खटला भरला. पण नकार द्यायचा तर त्याची जमीन कशी आधी तयार करावी लागते, हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेला यांचं ‘नाही’ मात्र चाललं नव्हतं. नोकियाचा फोनचा धंदा विकत घ्यावा का, असं तेव्हाचे सीईओ स्टीव्ह बाल्मर यांनी वरिष्ठ सहकाऱ्यांना विचारलं, तेव्हा आपण विरोधात मत दिलं होतं, असं नाडेलांनी नंतर स्वतः लिहिलंय. तरी खरेदी ठरली. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते सीईओ झाले, एप्रिलमध्ये तोच व्यवहार त्यांच्या कारकिर्दीत पूर्ण झाला आणि जुलै २०१५ मध्ये त्यांनाच सुमारे ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकून ७,८०० पर्यंत नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर करावं लागलं. दुसऱ्याने म्हटलेल्या ‘हो’ची किंमत स्वतःच्या सहीने चुकवायची वेळ तुमच्यावरही येईल, लहान प्रमाणात. म्हणून होकाराआधी काही कागद मागून घ्या: कोणकोणत्या ग्राहकांना लेखी तारखा दिल्या आहेत, कोणत्या करारात उशिराबद्दल दंडाचं कलम आहे, गेल्या वर्षातले मोठे आउटेज (सेवा ठप्प पडण्याचे प्रसंग) आणि त्यांची कारणं, कोणत्या टीममधून किती माणसं सोडून गेली, आणि शेवटच्या चार बोर्ड मीटिंगचे स्लाइड. हे दाखवायला खळखळ झाली तर ती लक्षात ठेवा.

बोर्डाच्या स्लाइडबद्दल थोडं जवळून सांगते, कारण तुमच्या नव्या आयुष्यातली सगळ्यात अवघड मिनिटं तिथे जाणार आहेत. मीटिंगच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक टीमकडून स्थिती मागवली जाते. टीम लीड लिहितो, ‘पेमेंट मॉड्यूलचं टेस्टिंग अपुरं आहे, तारीख धोक्यात.’ त्याचा मॅनेजर ते वाचून ‘काही जोखीम आहे, उपाय चालू’ असं करतो. डिरेक्टरच्या हातून पुढे जाताना ‘वेळापत्रकानुसार, किरकोळ जोखीम’ होतं. तुमच्या हातात येतं तेव्हा त्या ओळीपुढे हिरवा ठिपका असतो. खोटं कुणीच बोललेलं नसतं. प्रत्येकाने फक्त एकेक धार बोथट केलेली असते. तुम्ही ही साखळी खालून वर चढत आलात, त्यामुळे कुठल्या वाक्यामागे काय लपतं ते तुम्हाला बाहेरून आलेल्या कुठल्याही व्हीपीपेक्षा जास्त कळतं. तो ठिपका लाल करून बोर्डासमोर ठेवणं ही तुमची जबाबदारी असेल. आणि तो लाल केल्यावर सीईओ तुमच्या बाजूला उभे राहतात की मीटिंगनंतर बाजूला घेऊन ‘हे आधी मला सांगायचं होतंस’ म्हणतात, यावर तुमची पुढची वर्षं अवलंबून आहेत. तेव्हा तो लाल ठिपका त्यांना आदल्या दिवशी दाखवायचाच. बोर्डासमोर सीईओला अचानक धक्का देणं हा प्रामाणिकपणा नव्हे, तो निष्काळजीपणा.

नकार देता न येणाऱ्या जागेवर माणूस कुठवर वाहत जातो, याचं या धंद्यातलं टोकाचं उदाहरण कम्प्युटर असोसिएट्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीचं आहे. तिमाही संपली तरी हिशेबाची वही उघडी ठेवायची, नंतर सह्या झालेले करार मागच्या तारखेने दाखवायचे, बाजाराने अपेक्षिलेला आकडा गाठायचा. हा प्रकार ‘३५ दिवसांचा महिना’ म्हणून ओळखला गेला. वित्त प्रमुख, कायदा प्रमुख, विक्री प्रमुख, सगळ्यांनी गुन्हा कबूल केला आणि माजी सीईओंना २००६ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. तुम्ही इंजिनिअरिंगमध्ये आहात, तुमचा याच्याशी काय संबंध, असं वाटेल. पण ‘हे फीचर तयार आहे असं ग्राहकाला लिहून द्या, म्हणजे या तिमाहीत बिल फाडता येईल’ ही विनंती व्हीपी इंजिनिअरिंगकडेच येते, बहुतेकदा तिमाहीच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत, आणि विचारणारा माणूस चांगला, रोजच्या ओळखीतला असतो. फीचर तयार नसेल तर सही करायची नाही. यावर विचार करायलाही वेळ घेऊ नका.

दुसऱ्या टोकाला आउटेज. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. कंपनीच्या तपासात निघालेलं मूळ कारण तुमच्यासारख्या इंजिनिअरला चटका लावेल: साच्यात २१ रकाने ठरलेले होते आणि कोडकडून त्याला २०च मूल्यं पुरवली जात होती. अशी चूक कोणत्याही चांगल्या टीमकडून होऊ शकते. पण त्या प्रकारचं अपडेट टप्प्याटप्प्याने न जाता सगळ्यांकडे एकदम जायचं. हा कोडचा प्रश्न नव्हता, धोरणाचा होता, आणि असली धोरणं व्हीपीच्या टेबलावर ठरतात. पुढच्याच महिन्यात डेफ-कॉन या हॅकरांच्या परिषदेत ‘सर्वांत मोठं अपयश’ म्हणून दिला जाणारा पुरस्कार घ्यायला कंपनीचे अध्यक्ष मायकल सेंटोनास स्वतः मंचावर गेले आणि तो मुख्यालयात सगळ्यांना दिसेल असा ठेवू, म्हणाले. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. असा प्रसंग आला तर पुढे कोण उभं राहणार, तुमची टीम की तुम्ही, हे आधीच मनाशी ठरवा.

आता ‘आटोपशीर’बद्दल. पत्रातला पोटातला गोळा मला वाटतं मुख्यतः इथला आहे.

तुमच्याकडे एक शीट येईल. एका ओळीत एक नाव, पुढे ग्रेड, वर्षाचा खर्च, मागच्या दोन अप्रेझलचे आकडे, आणि शेवटी एक रिकामा रकाना. तो तुम्ही भरायचा. त्यात एक नाव असं असेल ज्याचे आकडे साधेच आहेत, पण बिलिंगच्या जुन्या सिस्टिममध्ये नेमकं काय कुठे तुटतं हे फक्त त्यालाच माहीत आहे. एक नाव असं असेल जिचे आकडे बाळंतपणाच्या रजेच्या वर्षामुळे कमी दिसतायत. शीटमध्ये हे काही लिहिलेलं नसतं. म्हणून यादी फायनान्स आणि एचआरने बनवून तुमच्याकडून फक्त शिक्का घ्यायचा, या व्यवस्थेला ठाम नाही म्हणा. आकडा त्यांचा असू शकतो. नावं तुमची आणि तुमच्या मॅनेजरांची असली पाहिजेत.

होकार देण्याआधी सीईओंना विचारा: किती माणसं? कधी? एकदाच की तुकड्यातुकड्याने? आणि ती गेल्यावर रोडमॅपमधलं काय काय गळणार? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून १९७५ सालीच लिहून ठेवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी उशिरा होतो, कारण नव्यांना समजावण्यातच जुन्यांचा वेळ जातो. माणसं कमी करतानाही तसंच होतं: गेलेल्याचं काम दुसऱ्याला समजून घ्यावं लागतं, आणि समजावणारा तर निघून गेलेला असतो. माणसं पाचव्या हिश्श्याने कमी आणि तारखा जशाच्या तशा, असं गणित कुणी मांडलं तर ते मान्य करू नका, मग ते मांडणारे संस्थापक का असेनात.

आणि सांगण्याची पद्धत. जानेवारी २०२३ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीने १२,००० नोकऱ्या कमी केल्या तेव्हा अनेकांना ते ई-मेलवरून किंवा लॉग-इन बंद झाल्यावर कळलं. वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला असं कळणं क्रूर आहे, आणि अमुक आकाराच्या कंपनीत दुसरं काही शक्य नसतं हा युक्तिवाद तुमच्या अडीचशे जणांना लागू होत नाही. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या मॅनेजरने, एकटं भेटून सांगावं. पहिल्या दोन वाक्यांत निर्णय सांगावा, हवापाण्याच्या गप्पा नकोत. किती महिन्यांचा पगार मिळणार, विमा कधीपर्यंत, शिफारसपत्र कोण देणार, हे कागदावर हातात द्यावं. सहकाऱ्यांचा निरोप घ्यायला वेळ द्यावा. मॅनेजरांना आदल्या दिवशी तुम्ही स्वतः तयार करा, ते बोलणं मोठ्याने म्हणून घ्या. दुसऱ्या दिवशी राहिलेल्या सगळ्यांसमोर उभं राहून प्रश्न घ्या. ‘पुन्हा होणार का?’ हा प्रश्न येईलच. खात्री नसेल तर वचन देऊ नका.

कोडचं काय? इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. व्हीपी झाल्यावर प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहकांपर्यंत प्रत्यक्ष जाणारा, कोड लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या कोडचा रिव्ह्यू कुणी मोकळेपणाने करणार नाही आणि तुमच्या मीटिंगांपायी तो अर्धवट पडून राहील. वाचत मात्र राहा. आउटेजचे अहवाल मुळापासून वाचा, डिझाइनचे दस्तऐवज वाचा, महिन्यातून एकदा ऑन-कॉलवाल्यांच्या हँडओव्हरला नुसतं बसा. तेवढ्याने जमिनीवर राहता येतं.

पण कोडशिवाय जगणं हेच तुमचं खरं दुःख असेल तर दुसरी शिडीही आहे, आणि ती चढणं म्हणजे मागे पडणं नव्हे. आयबीएमने १९६० च्या दशकातच फेलो हे पद निर्माण केलं, मॅनेजर न होताही वर जाता यावं म्हणून. डेव्ह कटलर १९८८ साली मायक्रोसॉफ्टमध्ये आले, विंडोज एनटी उभं करणाऱ्या टीमचं नेतृत्व केलं, आणि वयाची ऐंशी ओलांडल्यावरही ते तिथे इंजिनिअर म्हणून काम करत होते. खुद्द बिल गेट्स यांनी जानेवारी २००० मध्ये सीईओपद बाल्मर यांना देऊन मुख्य सॉफ्टवेअर आर्किटेक्ट हे पद घेतलं. तुमच्या कंपनीत अशी जागा आहे का? नसेल तर ती निर्माण करायला सीईओ तयार होतील का? हे विचारणं म्हणजे बढती नाकारणं नव्हे. स्वतःला एक साधी गोष्ट विचारून बघा: गेल्या वर्षभरात कामावरून सर्वांत समाधानाने घरी आलात तो दिवस कोणता? अडलेला तांत्रिक प्रश्न सुटला तो, की तुमच्या हाताखालच्या कुणीतरी तुमच्याशिवाय तो सोडवला तो? दुसरा असेल तर व्हीपीचं काम तुम्हाला मानवेल.

वेळेबद्दल. हार्वर्डचे प्राध्यापक मायकल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी मोठ्या कंपन्यांच्या २७ सीईओंचा दिवस तासातासाने नोंदवून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले: आठवड्याला सरासरी ६२.५ तास काम, त्यातला ७२ टक्के वेळ मीटिंगांत, आणि सुट्टीच्या बहुतेक दिवशीही दोन-अडीच तास काम चालूच. तुम्ही सीईओ होत नाही आहात, पण दिशा तीच. कॅलेंडर तुमच्या हातात राहिलं नाही तर ते इतर भरतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात, माणसं सवयीची होण्याआधी, दोन गोष्टी लावून घ्या: तुमच्या थेट हाताखालच्या प्रत्येक डिरेक्टरबरोबर दर आठवड्याला एक ठरलेली भेट, आणि संध्याकाळचे काही तास पूर्ण बंद. आउटेज सोडून त्या वेळात तुम्ही उपलब्ध नाही, हे सगळ्यांना लेखी कळवा. तुमच्या वतीने निर्णय घेईल असा माणूस नेमून ठेवा, नाहीतर ते तास नुसते कागदावर राहतील.

तुमच्या मुलीचं वाक्य मी हलक्यात घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नका. ती सतरा वर्षांची आहे, वर्ष-दीड वर्षात बहुधा घराबाहेर पडेल. तिला विचारा. ‘मी हे घेऊ का?’ असं नको, तो भार तिच्यावर टाकणं बरोबर नाही. ‘तुला माझी कोणती वेळ हवी?’ असं विचारा. मुलं बहुतेकदा आपण समजतो त्याहून कमी मागतात आणि नेमकं मागतात. जे मागेल ते कॅलेंडरवर बोर्ड मीटिंगच्या रंगात टाका. नवऱ्याशी वेगळं बोला. घेऊन टाक म्हणणं सोपं असतं. घरातलं कोणतं काम आजपासून पूर्णपणे त्याचं, आठवणही न करून देता त्याचं, हे दोघांनी ठरवल्याशिवाय त्या पाठिंब्याला फारसा अर्थ नाही.

पैशांचा संकोच सोडा. ऑक्टोबर २०१४ मध्ये स्त्री-तंत्रज्ञांच्या ग्रेस हॉपर परिषदेत नाडेला म्हणाले की स्त्रियांनी पगारवाढ मागण्यापेक्षा व्यवस्थेवर विश्वास ठेवावा. त्यांच्याशी मंचावर बोलणाऱ्या मारिया क्लावे यांनी तिथल्या तिथे असहमती दर्शवली, आणि त्याच दिवशी नाडेलांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून आपलं उत्तर पूर्णपणे चुकीचं होतं असं मान्य केलं: वाढ मिळायला हवी असं वाटत असेल तर सरळ मागा. तेव्हा मागा. मूळ पगार, बोनस कशावर ठरतो, स्टॉक किती. स्टॉक साधारणपणे चार वर्षांत हातात येतात आणि पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही, म्हणजे आधीच्या व्हीपींसारखं दीड वर्षात जावं लागलं तर बहुतांश हिस्सा तिथेच राहतो. कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांनी तुम्हाला काढलं तर उरलेल्या स्टॉकचं काय, काढलं तर किती महिन्यांचा पगार, आणि अधिकाऱ्यांवर वैयक्तिक दावा झाल्यास संरक्षण देणारा विमा कंपनीने घेतलाय का, हे तिन्ही विचारा. ऑफर लेटर वकिलाला दाखवा. आणि घरची सगळी बचत याच कंपनीच्या स्टॉकमध्ये ठेवू नका. पगारही तिथला, बचतही तिथली, हे धोक्याचं आहे.

एक बाहेरचा माणूसही शोधा. एरिक श्मिट गूगलचे सीईओ असताना त्यांना कोच घ्या असं सुचवलं गेलं तेव्हा ते सुरुवातीला नाराज झाले होते. नंतर कोच बिल कॅम्पबेल यांच्याकडून मिळालेल्या मार्गदर्शनाबद्दल ते वर्षानुवर्षं कृतज्ञतेने बोलत आले. वर गेल्यावर खरं बोलणारी माणसं कमी होतात. दुसऱ्या कंपनीतली, हे काम केलेली, तुमच्याकडून काही नको असलेली एक व्यक्ती पुरेशी आहे.

माझा कल विचाराल तर घ्या असा आहे. आटोपशीर म्हणजे काय हे कळून जिच्या पोटात गोळा येतो, तिच्या हातात ती शीट असणं त्या अडीचशे जणांसाठी बरं. पण अट एकच: सीईओंच्या भेटीत तीन गोष्टी मागा. कपातीची नावं तुम्ही ठरवणार. रिलीज थांबवायचा शेवटचा अधिकार तुमचा. आणि वर्षानंतर हे काम जमत नाही असं तुम्हाला किंवा त्यांना वाटलं तर तांत्रिक पदावर परत यायची वाट, आधीच ठरलेल्या पगारावर. यातल्या पहिल्या दोनपैकी एकीला जरी ते टाळाटाळ करू लागले, तर डिरेक्टर म्हणून राहा आणि तसं मोकळेपणाने सांगा.

भेटीत जे बोलणं होईल ते त्याच संध्याकाळी ई-मेलने त्यांना पाठवा: आपण या या गोष्टी बोललो, माझी समजूत अशी आहे, काही चुकत असेल तर कळवा. त्याच मेलमध्ये तुमच्या जागी डिरेक्टर कोण, हेही काढा. तुमच्या साठ जणांपैकी जी एक-दोन नावं तुमच्या मनात असतील, ती कारणांसकट लिहा.